अगस्त्याचा तिसरा ग्रह

विज्ञानकथा वाचताना मी सर्वांत आधी थबकतो तो ग्रहाच्या नावापाशी. पात्रे हळूहळू उलगडतात. तिथली हवा, पाणी, प्राणी, राज्यव्यवस्था हे सारे पुढच्या पानांवर येत राहते. ग्रहाचे नाव मात्र पहिल्या काही ओळींतच समोर ठाकते आणि ते तसेच का, याबद्दल लेखकाने बहुधा चकार शब्द काढलेला नसतो. हे नाव कोणी ठेवले असेल? तिथे जन्मलेल्यांनी, की लांबून दुर्बिणीतून पाहणाऱ्यांनी? तो ग्रह ज्या ताऱ्याभोवती फिरतो तो तारा आपल्या आकाशात आहे का, आणि असल्यास लेखकाने वर्णिलेली हवा त्या ताऱ्याच्या उन्हात टिकेल का? विज्ञानकथेचे चाहते अशा प्रश्नांवर पिढ्यान्‌पिढ्या तर्क लढवत आले आहेत. पुष्कळांना हा रिकामा उद्योग वाटतो. मला तो वाचनाचा अतिशय जबाबदार प्रकार वाटतो. कल्पित ग्रहाविषयी लेखकाने हातचे काही न राखता दिलेली गोष्ट म्हणजे त्याचे नाव आणि फार तर त्याच्या ताऱ्याचे नाव. बाकीचे वर्णन मनाप्रमाणे वळवता येते. खऱ्या ताऱ्याचे नाव एकदा छापून गेले की लेखक त्या ताऱ्याच्या वयाशी, तेजाशी आणि अंतराशी बांधला जातो. चाहता मग त्या बांधिलकीचा हिशेब मांडायला बसतो.

फ्रँक हर्बर्ट यांच्या 1965 सालच्या 'ड्यून' या कादंबरीतला अराकिस हा वाळवंटी ग्रह घेऊ. कादंबरीच्या अखेरीस जोडलेल्या शब्दसूचीत तो कॅनोपसचा तिसरा ग्रह असल्याची नोंद आहे. कॅनोपस म्हणजे आपला अगस्त्य, रात्रीच्या आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी दिसणारा तारा. अरबी परंपरेत वाळवंटातल्या वाटसरूंना दिशा दाखवणारा सुहैल तो हाच, आणि 1964 साली मंगळाकडे निघालेल्या मरिनर 4 या यानानेही आपला रोख सांभाळण्यासाठी याच ताऱ्याचा आधार घेतला होता. वाळवंट आणि अवकाशप्रवास या दोन्हींशी नाते असलेला दुसरा तारा शोधून सापडणे अवघड. म्हणून निवड म्हणून ती मला अतिशय देखणी वाटते, आणि अडचण सुरू होते ती नेमकी इथूनच.

अगस्त्य आपल्यापासून सुमारे 310 प्रकाशवर्षे दूर आहे आणि एवढ्या लांबूनही इतका झगझगीत दिसतो, कारण त्याची तेजस्विता सूर्याच्या 10,000 पटींहून अधिक आहे. पृथ्वीला सूर्याकडून जेवढी ऊब मिळते तेवढीच अगस्त्याकडून मिळवायची असेल, तर ग्रह त्याच्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या शंभर पट लांब असायला हवा. प्लूटो सूर्यापासून सरासरी चाळीस पटीच्या आत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या अंतराचा अंदाज येतो. अगस्त्याचे वस्तुमान सूर्याच्या आठ ते दहा पट धरले, तर इतक्या लांबच्या ग्रहाला एक प्रदक्षिणा पूर्ण करायला तीनशेहून अधिक वर्षे लागतील. म्हणजे अराकिसवर जन्मलेल्या माणसाने आयुष्यात एकही पूर्ण ऋतुचक्र पाहिलेले नसेल; एखाद्या घराण्याच्या दहा पिढ्या एकाच वर्षात जन्मून संपतील. कादंबरीत असे काही नाही. शिवाय एवढा वजनदार तारा आपले इंधन भराभर जाळतो. त्याचे आयुष्य काही कोटी वर्षांचे, आणि पृथ्वीवर साध्या पेशीपासून गुंतागुंतीच्या प्राण्यांपर्यंत यायला काही अब्ज वर्षे लागली. मग वाळूत राहणारे ते महाकाय कृमी अगस्त्याच्या उन्हात घडले केव्हा?

यावर चाहत्यांनी दिलेली उत्तरे मला मूळ प्रश्नाइतकीच मोलाची वाटतात. एक उत्तर असे, की ग्रह दुसऱ्या ताऱ्यापासून सुटून आलेला आणि अगस्त्याने पकडलेला असावा. हे शक्य कोटीतले असले तरी मला ते आवडत नाही, कारण त्याने कथेत काहीच भर पडत नाही; भोक पडले तिथे ठिगळ लागते, एवढेच. दुसऱ्या उत्तराला खुद्द लेखकाच्या शब्दांचा आधार आहे. हर्बर्ट यांनी 1976 सालच्या पुढच्या एका खंडात पात्राच्या तोंडून सांगितले आहे, की कृमींचे पूर्वरूप असलेला जीव अराकिसवर बाहेरून आणला गेला आणि त्या काळी हा ग्रह ओला होता. जीव तिथला नसेल, तर ताऱ्याच्या कोवळ्या वयाची अडचण बरीचशी मिटते. तिसरे अनुमान मला सर्वांत प्रिय आहे. ही कथा आपल्यापुढे दहा हजारांहून कितीतरी अधिक वर्षांनी घडते. एवढ्या काळात साम्राज्ये बदलतात, भाषा बदलतात, लोक एका ग्रहावरून दुसऱ्यावर जातात आणि जाताना जुनी नावे बरोबर नेऊन नव्या जागांना चिकटवतात. त्या काळातले लोक ज्याला कॅनोपस म्हणतात तो आपला अगस्त्यच असेल, याची खात्री कोणी द्यावी? या एका प्रश्नाने ती शब्दसूची निव्वळ परिशिष्ट राहत नाही. हरवलेल्या इतिहासाचा तो एक तुकडा होतो.

अराकिस हे नावही आकाशातच सापडते, आणि भलत्याच ठिकाणी सापडते. कालेय तारकासमूहात म्यू ड्रॅकोनिस नावाचा एक मंद तारा आहे. त्याचे अरबीतून आलेले जुने नाव अराकिस असेच लिहिले जात असे आणि आज आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या यादीत ते अलराकिस असे आहे. त्या अरबी नावाचा अर्थ नर्तक असा लावतात. म्हणजे ग्रहाला नाव दिले उत्तरेच्या एका ताऱ्याचे आणि त्याला बसवले दक्षिणेच्या दुसऱ्याच ताऱ्याभोवती. लेखकाला जुन्या तारानावांच्या यादीतला एक शब्द कानाला गोड लागला आणि त्याने तो उचलला, एवढे म्हणून थांबता येते आणि ते खरेही असेल. तरी ज्याला हे जग मनापासून खरे मानून वाचायचे आहे तो एवढ्यावर थांबत नाही. कालेयातून निघालेल्या वसाहतकारांनी आपल्या जुन्या सूर्याचे नाव नव्या घराला दिले असेल का, असा प्रश्न तो विचारतो. कादंबरीतल्या वाळवंटी जमातीचा पूर्वेतिहास एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर हाकलले जाण्याचाच आहे. हे अनुमान त्या इतिहासात अलगद बसते.

तर्काचा हा नाद हौशी लोकांपुरता राहिलेला नाही, हेही इथेच सांगायला हवे. 2021 साली काही हवामानशास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या हवामानासाठी वापरले जाणारे संगणकीय प्रारूप अराकिसला लावून पाहिले. ग्रह मोठ्या प्रमाणात राहण्याजोगा निघाला. मात्र सर्वांत जीवघेणे ऋतू विषुववृत्ताजवळ न येता मध्य अक्षांशांवर आणि ध्रुवांकडे आले. कादंबरीत वस्ती आहे ती नेमकी ध्रुवाकडच्या भागात. लेखकाच्या नकाशाला मिळालेला हा धक्का मला त्या नकाशाचा सन्मान वाटतो. ज्या जगाची हवा मोजून पाहावीशी वाटते, ते जग कोणीतरी खरोखर मनावर घेतलेले असते.

नावाइतकीच वादाला खतपाणी घालणारी गोष्ट म्हणजे क्रमांक. दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानकथांनी एक सोपी रीत पाडली: ताऱ्याचे नाव घ्यायचे आणि पुढे आकडा लावायचा. अमुक ताऱ्याचा पाचवा, तमुकचा सातवा. 'स्टार ट्रेक'मध्ये असे शेकड्याने ग्रह आहेत आणि त्यातला सर्वांत गाजलेला वाद सेटी अल्फा या ताऱ्याच्या पाचव्या आणि सहाव्या ग्रहाचा आहे. 1967 सालच्या एका भागात खान नावाच्या बंडखोराला त्याच्या साथीदारांसह पाचव्या ग्रहावर सोडून दिले जाते. 1982 सालच्या चित्रपटात दुसऱ्या एका यानाचे अधिकारी सहाव्या ग्रहावर उतरत आहोत अशा समजुतीने उतरतात आणि त्यांची गाठ पडते ती खानशी. तो सांगतो, की आम्हाला इथे सोडल्यावर सहा महिन्यांनी सहावा ग्रह फुटला, त्या धक्क्याने या ग्रहाची कक्षा सरकली आणि इथले सारे उजाड झाले.

चित्रपट पाहताना हे पटकन निसटून जाते. शांतपणे विचार केला की मात्र चैन पडत नाही. ग्रह ताऱ्यापासून बाहेरच्या दिशेने मोजायचे, तर सहावा नाहीसा झाल्याने पाचव्याचा क्रमांक बदलण्याचे काही कारण नाही. आतून मोजत जाणाऱ्याला पाचवा पाचव्याच जागी सापडेल. पाचवा सरकून सहाव्याच्या कक्षेत गेला असे मानले, तर पाचव्याची जागा रिकामी दिसायला हवी आणि अख्खा ग्रह गायब असल्याचे कोणाच्या तरी लक्षात यायला हवे. यावर चाहत्यांचे एक म्हणणे असे, की यान बाहेरून आत येत होते आणि त्यांनी बाहेरूनच मोजले. त्या ताऱ्याला सात-आठ ग्रह असतील तर हे जुळते, कारण सातव्यानंतर आत जाताना जो पहिला ग्रह लागतो त्याला ते सहावा समजणार आणि तो असणार पाचवा. दुसरे म्हणणे अधिक खोल जाते. ज्या कप्तानाने खानला तिथे सोडले त्याने हद्दपारीची जागा कोणाला सापडू नये म्हणून त्या ताऱ्याची नोंदच अपुरी ठेवली असेल, तर पुढच्या यानाकडे विश्वासार्ह नकाशा कसा असणार? मला हे उत्तर सर्वांत चांगले वाटते. ते आकाशाच्या गणितात पडलेली फट माणसाच्या वागण्याने बुजवते, आणि असे करताना कथेतल्या सूडाला आणखी एक कारण पुरवते: खानचा विसर पडलेला नव्हता, त्याला विसरण्याची व्यवस्था केलेली होती.

या ताऱ्याच्या नावातही एक गाठ आहे. योहान बायर यांनी 1603 साली आपल्या नकाशासंग्रहात ताऱ्यांना ग्रीक अक्षरे दिली, तेव्हापासून अक्षर आधी आणि तारकासमूहाचे नाव नंतर अशी पद्धत आहे. त्या हिशेबाने अल्फा सेटी असायला हवे. पटकथेत शब्द उलटे आहेत. दोन्ही तारे एकच मानले, तर तिमिंगल समूहातला मेनकार नावाचा लाल राक्षसी तारा आपल्यापुढे येतो. तो आयुष्याच्या उतरणीला लागून फुगलेला तारा आहे आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांचे दिवस तसेही बरे नसणार. सहावा ग्रह का फुटला याचे उत्तर यात नाही, कारण ग्रह आपणहून फुटत नाहीत, पण मरणाऱ्या ताऱ्याच्या अंगणात कोणी वसाहत का केली नव्हती याचे आहे.

खऱ्या खगोलशास्त्रात क्रमांकाची तऱ्हा वेगळीच आहे. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांना सापडतील त्या क्रमाने रोमन लिपीतली लहान अक्षरे मिळतात, आणि पहिले अक्षर ताऱ्यासाठी सोडून सुरुवात बी पासून होते. ग्लीझ 581 या ताऱ्याचा ई हा ग्रह बी पेक्षा ताऱ्याच्या जवळ आहे, कारण तो 2009 साली, म्हणजे नंतर सापडला. या नावांत ग्रहाच्या जागेचा इतिहास नसतो, आपल्या शोधाचा असतो.

इथून एक मुद्दा निघतो आणि माझ्या मते या साऱ्या तर्कवितर्काचा तो कणा आहे. स्वतःच्या घराला कोणी पाचवा म्हणत नाही. क्रमांक देतो तो बाहेरून आलेला, मोजणी करणारा. म्हणून एखाद्या कथेतले रहिवासी आपल्याच ग्रहाला क्रमांकाने ओळखत असतील, तर चाहत्याने तिथे थांबून विचारावे: ही वसाहत अजून कोवळी आहे का, की या लोकांचे जुने नाव कोणी पुसून टाकले आहे? उर्सुला ले ग्विन यांना हे पक्के ठाऊक होते. त्यांच्या 1969 सालच्या कादंबरीतल्या बर्फाळ ग्रहाचे नाव गेथेन. बाहेरून आलेल्या पहिल्या पाहणी पथकाने मात्र त्याला हिवाळा असे नाव दिलेले आहे. बाहेरच्याला बोचली ती थंडी आणि त्याने तीच नावात नोंदवली. तिथल्या माणसाला थंडी ही सांगण्यासारखी गोष्टच नाही. त्यांच्याच 1972 सालच्या लघुकादंबरीत हा फरक रक्तरंजित होतो. तिथल्या लोकांच्या भाषेत जग आणि अरण्य यांना एकच शब्द आहे, अथ्शे. लाकडासाठी आलेले पृथ्वीवासी त्याच जमिनीला नवे ताहिती म्हणतात आणि झाडे तोडत सुटतात. अथ्शेचे लोक अखेरीस शस्त्र का उचलतात, हे समजायला ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवून पाहणे पुरते.

क्रमांकाचे नाव रहिवाशांनीच ठेवल्याचे एक सुरेख उदाहरण आहे, आणि ते जुने आहे. एडगर राइस बरोज यांनी 1912 सालापासून लिहिलेल्या मंगळकथांमध्ये मंगळवासी आपल्या ग्रहाला बारसूम म्हणतात. त्यांच्या भाषेत सूम म्हणजे ग्रह आणि बार म्हणजे आठ. मंगळ सूर्यापासून चौथा असताना आठ कुठून आले? चाहत्यांनी लावलेला हिशेब असा: सूर्य, बुध, शुक्र, पृथ्वी, आपला चंद्र, मंगळ आणि 1877 साली सापडलेले मंगळाचे दोन चंद्र, असे आतल्या सूर्यमालेतले मिळून आठ गोल होतात. बरोज यांच्या मनात हेच होते की नाही, याने मला फरक पडत नाही. या हिशेबातून एक समाज दिसू लागतो, जो सूर्य, ग्रह आणि चंद्र असा भेद न करता आकाशातल्या गोलांची एकच पंगत मांडतो आणि त्यात स्वतःच्या चंद्रांनाही पान वाढतो. बारा-पंधरा प्रकरणांच्या वर्णनाने जे साधले नसते ते एका आकड्याच्या अर्थाने साधले.

काही अनुमाने मात्र मला फारशी धरत नाहीत. 'स्टार वॉर्स'मधल्या टॅटूइनचे नाव ट्युनिशियातल्या टाटाविन या गावावरून आले, हे कळल्यावर शोध संपतो. तिथे नावाच्या आड दुसरे जग नाही. त्या ग्रहाच्या बाबतीत खरा विषय त्याच्या दोन सूर्यांचा होता. जोडताऱ्याभोवती ग्रहाची कक्षा टिकेल का, याबद्दल 1977 साली कोणाकडेही प्रत्यक्ष पुरावा नव्हता. 2011 साली केपलर-16बी सापडला, शनीच्या वजनाचा आणि दोन ताऱ्यांना मिळून 229 दिवसांत प्रदक्षिणा घालणारा, आणि त्याला बातम्यांतून लगेच टॅटूइन म्हटले गेले.

सूर्यांच्या बाबतीत सर्वांत अवघड गणित आयझॅक असिमोव्ह यांच्या 1941 सालच्या कथेने घातले आहे. तिथल्या लागाश या ग्रहाला सहा सूर्य आहेत, त्यामुळे रात्र म्हणजे काय ते कोणाला माहीत नाही, आणि 2049 वर्षांतून एकदा ग्रहणामुळे अंधार पडतो तेव्हा लोकांना प्रथमच तारे दिसतात आणि त्यांची बुद्धी ठिकाणावर राहत नाही. लागाश हे सुमेर संस्कृतीतल्या एका प्राचीन नगराचे नाव. उत्खननात पुन्हा वर आलेल्या नगराचे नाव असलेला ग्रह, ज्याची संस्कृती ठराविक काळाने जळून राखेखाली जाते, ही जोडणी योगायोगाची म्हणणे मला जड जाते. पुढे याच कथेची कादंबरी झाली तेव्हा ग्रहाचे नाव काल्गाश झाले, आणि माझ्या मते त्यात काहीतरी हरवले. 2014 साली बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहलेखकाने काल्गाश अस्तित्वात असू शकेल का, याच प्रश्नावर शोधनिबंध लिहिला: ग्रहण किती वेळ टिकेल, सहा सूर्यांच्या उजेडात बाकीचे विश्व खरोखर अदृश्य राहील का, एवढ्या ताऱ्यांच्या ओढाताणीत कक्षा कशा असतील. कथेला शोभेल अशा गांभीर्याने विचारलेले हे प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला होता.

सुपरमॅनच्या क्रिप्टॉनला तर तारा मिळाला तो एका खगोलशास्त्रज्ञाकडून. 2012 साली नील डिग्रास टायसन यांनी हस्त नक्षत्रातला, 27.1 प्रकाशवर्षे दूरचा एक लाल बटू तारा त्यासाठी सुचवला. तारा लाल हवा, कारण कथेत तसे आहे. आणि अंतर असे हवे, की ग्रह नष्ट झाल्याचा प्रकाश नायकाच्या तरुणपणी पृथ्वीवर पोहोचावा. दोन्ही अटी पाळणारा खरा तारा निघाला, याचे श्रेय अटी इतक्या काटेकोर घालणाऱ्या कथेलाही आहे.

आता तर कल्पित नावे प्रत्यक्ष आकाशाच्या नकाशावर जाऊन बसली आहेत. शनीच्या टायटन या चंद्रावरच्या मैदानांना हर्बर्ट यांच्या कादंबऱ्यांतल्या ग्रहांची नावे देण्याचा नियम आहे, त्यामुळे तिथे अराकिस नावाचे मैदान आहे. टायटनवर वाळूच्या खऱ्या टेकड्या आहेत, काळसर सेंद्रिय कणांच्या, शेकडो किलोमीटर पसरलेल्या. त्यांना मात्र वाऱ्याच्या देवतांची नावे मिळतात आणि वाळवंटी ग्रहाचे नाव मैदानाच्या वाट्याला येते, हे मला थोडे खटकते. प्लूटोच्या शेरॉन या चंद्रावर 2018 साली मंजूर झालेल्या नावांत काल्पनिक प्रवाशांची नावे आहेत आणि त्यात एका विवराचे नाव रेवती आहे. वडिलांबरोबर ब्रह्मलोकी जाऊन आलेली आणि परतेपर्यंत पृथ्वीवर युगे उलटून गेलेली ती रेवती. काळाच्या फरकाची ही गोष्ट इतकी जुनी असताना, विज्ञानकथा ही कालपरवाची गोष्ट आहे असे मानण्याचे मला काही कारण दिसत नाही.

एका नावाचा प्रवास मात्र या सगळ्यांहून लांबचा आहे. व्हल्कन हा ग्रह कथेत येण्याआधी विज्ञानात होता. बुधाची कक्षा न्यूटनच्या गणितापेक्षा शतकाला 43 विकलांइतकी (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) अधिक सरकते, हे आज पक्के असलेले अंतर एकोणिसाव्या शतकात कोडे होऊन बसले होते. नेपच्यूनचे भाकीत करून नाव कमावलेल्या ल व्हेरिये यांनी 1859 साली बुधाच्याही आत एखादा ग्रह असावा असे सुचवले, एका हौशी निरीक्षकाने तो सूर्यबिंबावरून सरकताना पाहिल्याचे कळवले, आणि त्याला अग्निदेवाचे नाव मिळाले. पुढची पन्नासहून अधिक वर्षे ग्रहणांच्या वेळी लोक तो शोधत राहिले. 1915 च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताने त्या 43 विकलांचा हिशेब पूर्ण लावला आणि ग्रहाची गरजच उरली नाही.

मोकळे झालेले ते नाव 1966 साली 'स्टार ट्रेक'मधल्या स्पॉक या पात्राच्या जन्मग्रहाला मिळाले. तो कोणत्या ताऱ्याभोवती फिरतो हे मालिकेने सांगितले नाही आणि चाहत्यांत दोन तट पडले. कोणी एप्सिलॉन एरिडानी म्हणे, कोणी 40 एरिडानी. 1991 साली मालिकेचे जनक जीन रॉडेनबेरी आणि हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातले तीन खगोलशास्त्रज्ञ यांनी मिळून एका खगोलविषयक मासिकाला पत्र लिहिले आणि 40 एरिडानीच्या बाजूने कौल दिला. त्यांचा मुद्दा वयाचा होता. एप्सिलॉन एरिडानी सुमारे एक अब्ज वर्षांचा. तेवढ्यात पृथ्वीवर फार तर सूक्ष्मजीव होते. 40 एरिडानी सुमारे चार अब्ज वर्षांचा, म्हणजे विचार करणारे प्राणी घडायला पुरेसा. हा तारा 16 प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याला दोन सोबती आहेत, एक श्वेत बटू आणि एक लाल बटू. श्वेत बटू हा मेलेल्या ताऱ्याचा गाभा असतो. मरण्यापूर्वी तो फुगून लाल राक्षसी झालेला असणार, आणि तेव्हा व्हल्कनच्या आकाशात तो कित्येक पटींनी प्रखर झाला असणार. व्हल्कनची विरळ हवा आणि तापलेले वाळवंट यांचे मूळ त्या काळात शोधावे असे मला वाटते. कथेत हे कुठेही नाही. ताऱ्याच्या नावातून मात्र ते सरळ निघते.

2013 साली प्लूटोच्या दोन नव्या चंद्रांसाठी लोकांची मते मागवली गेली तेव्हा व्हल्कनला सुमारे 1 लाख 74 हजार मते मिळून ते पहिले आले. तरी ते नाकारले गेले, कारण प्लूटोच्या चंद्रांची नावे पाताळाशी निगडित असावीत असा संकेत आहे आणि व्हल्कन हे नाव आधीच वापरून झालेले होते. निर्णय योग्यच होता. त्या नावाची जागा सूर्याजवळच्या आगीत आहे, प्लूटोच्या गारठ्यात नाही. मग 2018 साली 40 एरिडानीभोवती 42 दिवसांची प्रदक्षिणा घालणारा, पृथ्वीच्या आठ-साडेआठ पट वजनाचा ग्रह सापडल्याची बातमी आली आणि चाहत्यांनी जल्लोष केला. 2024 साली अधिक नेमक्या मोजणीने दाखवले, की तो संकेत ग्रहाचा नव्हताच. सुमारे 42 दिवसांत स्वतःभोवती फिरणाऱ्या ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या हालचालींचा तो परिणाम होता. एकाच नावाचा ग्रह आकाशातून दुसऱ्यांदा पुसला गेला.

अनेकांना याचे वाईट वाटले. मला तो 42 दिवसांचा ग्रह व्हल्कन म्हणून कधीच पटला नव्हता, कारण ताऱ्याच्या इतक्या जवळ पाणी द्रवरूपात टिकणे कठीण आणि एवढ्या वजनाच्या ग्रहावर स्पॉकची माणसे सडपातळ राहणेही कठीण. 40 एरिडानीचे तेज सूर्याच्या निम्म्याहून थोडे कमी आहे. त्या उजेडात पृथ्वीइतकी ऊब हवी असेल तर ग्रहाची कक्षा आपल्या कक्षेच्या दोन तृतीयांशाएवढी असावी लागेल आणि तिथले वर्ष सुमारे सव्वादोनशे दिवसांचे भरेल. पृथ्वीच्या वजनाचा ग्रह तिथे असला तर तो आपल्या ताऱ्याला सेकंदाला जेमतेम 12 सेंटिमीटर वेगाने मागेपुढे ओढेल. ताऱ्याचा स्वतःचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक खदखदत असतो आणि आजची सर्वोत्तम उपकरणेही एवढा बारीक हेलकावा त्या खदखदीतून वेगळा काढू शकत नाहीत. 2024 च्या मोजणीने जड आणि जवळचा ग्रह रद्द केला आहे. सव्वादोनशे दिवसांच्या वर्षाचा, पृथ्वीएवढा ग्रह अजून कोणी रद्द केलेला नाही, आणि तो रद्द होईपर्यंत माझे मत 40 एरिडानीलाच आहे.